शोभिवंत माशांची घरगुती पैदास : पहिली जात कोणती निवडावी?

डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या टाक्यांत व डबक्यांत सोडला जाणारा गप्पी मासा आपल्या ग्रामीण भागास नवा नाही. परंतु ह्याच माशाच्या रंगीबेरंगी, पंख्यासारख्या शेपटीच्या जाती शहरातील दुकानांत काचपेट्यांत विकावयास ठेवलेल्या असतात, आणि त्या पैदा करून विकणे हा एक जोडधंदा होऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळ शेतकऱ्यांच्या ध्यानी आलेली नसते. पश्चिम बंगालमधील हावडा व हुगळी जिल्ह्यांत, तसेच चेन्नईजवळील कोळत्तूर येथे अनेक कुटुंबे घराच्या अंगणात व परसात हाच व्यवसाय करीत आलेली आहेत. त्यास मोठे शेततळे लागत नाही. थोडे पाणी, थोडी सावली आणि रोजची नियमित देखरेख एवढ्यावर त्याचा प्रारंभ करता येतो.

मात्र ह्या धंद्यात पडणाऱ्यांपैकी अनेकांचे पहिलेच पाऊल चुकते. दुकानात जाऊन जो मासा डोळ्यांत भरेल तो आणावयाचा, आणि मग त्याची पैदास कशी होईल ह्याचा विचार करावयाचा, अशी उलटी रीत पडलेली आहे. ज्याप्रमाणे जमिनीचा मगदूर न पाहता बियाणे आणणे शहाणपणाचे नाही, त्याचप्रमाणे पाणी, हवामान, जागा व बाजार न पाहता माशाची जात निवडणेही शहाणपणाचे नाही. प्रस्तुत लेखात ह्या निवडीचा क्रम सांगावयाचा आहे.

माशाच्या सवयीवरून तीन वर्ग

पैदाशीच्या दृष्टीने शोभिवंत माशांचे तीन ढोबळ वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग जिवंत पिल्ले देणाऱ्यांचा. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे ह्यात येतात. दुसरा वर्ग अंडी घालून त्यांची राखण करणाऱ्यांचा. फायटर, गुरामी व एंजल हे ह्या वर्गातील होत. तिसरा वर्ग अंडी विखरून टाकणाऱ्यांचा. त्यात गोल्डफिश, झेब्रा व बार्ब जातीचे मासे मोडतात. हे मासे अंडी टाकल्यावर त्यांच्याकडे पाहत नाहीत, उलट सापडली तर स्वतःच ती खाऊन टाकतात.

पहिल्या वर्गातील पिल्लू जन्मतः पोहू लागते व बारीक केलेले अन्न खाऊ शकते. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील बहुतेक माशांची पिल्ले आरंभी इतकी सूक्ष्म असतात की त्यांस साध्या डोळ्यांनी न दिसणारे जलजीव खाऊ घालावे लागतात. नवख्या माणसाची पिल्ले बहुधा ह्याच अवस्थेत उपासमारीने मरतात. म्हणून ज्याने पूर्वी कधी पैदास केलेली नाही त्याने पहिल्या वर्गातीलच जात निवडावी.

पिल्ले देणाऱ्या जाती

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील मासा. नर सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा, सडपातळ व रंगीत असतो. मादी त्याहून मोठी व फिक्या रंगाची असते. नराच्या पोटाखालचा पर टोकदार काडीसारखा होतो, ही त्याची निश्चित खूण होय. मादी गाभण असता तिच्या पोटाच्या मागील बाजूस काळसर डाग दिसतो व तो दिवसेंदिवस गडद होत जातो. साधारणपणे चार आठवड्यांनी मादी पिल्ले देते. एका वेतास २० ते ५० पिल्ले मिळणे नेहमीचे आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एकदा नराशी संबंध आल्यावर मादी त्याचे बीज पोटात साठवून ठेवू शकते व पुढील अनेक वेते नराशिवाय देऊ शकते. म्हणून दुकानातून आणलेल्या मोठ्या मादीची पिल्ले आपल्याकडील नराचीच असतील, असे धरून चालू नये. शुद्ध रंगाची पैदास करावयाची असल्यास पिल्ले चार-पाच आठवड्यांची होण्याच्या आतच नर व मादी ओळखून निराळे करावेत आणि अशा कोवळ्या माद्यांस निवडलेला नर दाखवावा.

प्लॅटी हा ठेंगणा, गोंडस व शांत मासा आहे. लाल, पिवळा, निळसर असे त्याचे अनेक रंग आहेत. नवख्यास तो गप्पीइतकाच सोयीचा. स्वोर्डटेलच्या नराच्या शेपटीचा खालचा भाग तलवारीसारखा लांब असतो. तो चपळ असून उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. प्लॅटी व स्वोर्डटेल ह्यांचा आपसांत संकर होतो, यास्तव ह्या दोन जाती एका टाकीत कधीही ठेवू नयेत. मॉली आकाराने मोठी असून तिचा काळा रंग बाजारात ओळखीचा आहे. तिला जड पाणी मानवते व किंचित मचूळ पाणीही ती सोसते. खाडीकाठच्या गावांत जेथे विहिरीचे पाणी थोडे खारट लागते, तेथे मॉलीचा विचार प्रथम करावा.

ह्या सर्व माशांत एक दोष समान आहे. आई स्वतःचीच पिल्ले खाते. गाभण मादीस विण्यापूर्वी दोन-चार दिवस बारीक फटींच्या टोपलीत किंवा जाळीच्या पेटीत घालून ती टाकीत तरंगत ठेवावी. पिल्ले फटींतून बाहेर निसटतात व मादी आत राहते. टाकीत पाणवनस्पती भरपूर असल्यास पिल्लांस लपावयास आणखी आसरा मिळतो. एका नरामागे तीन ते चार माद्या हे प्रमाण योग्य समजावे.

अंडी घालणाऱ्या जाती

फायटरचा नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो व त्यात अंडी सांभाळतो. अंडी घातल्यावर मादीस ताबडतोब बाहेर काढावे, नाहीतर नर तिला जखमी करतो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिल्ले पोहू लागली की नरासही काढावे लागते. येथवरचे काम कठीण नाही. अडचण पुढे येते. नर पिल्ले दोन-तीन महिन्यांची होताच एकमेकांशी लढू लागतात, व प्रत्येकास स्वतंत्र बाटली द्यावी लागते. शंभर नर म्हणजे शंभर बाटल्या, आणि त्या प्रत्येकीतील पाणी वारंवार बदलणे आले. घरात हे करणारी माणसे आहेत काय, हे आधी विचारावे.

गुरामी मासाही बुडबुड्यांचेच घरटे करतो आणि एका वेळी शेकडो अंडी देतो. परंतु त्याची पिल्ले फारच बारीक असल्याने सूक्ष्मजीवांचे अन्न तयार ठेवल्याखेरीज त्याच्या वाटेस जाऊ नये. केळीची साल किंवा वाळलेले गवत पाण्यात कुजवून असे सूक्ष्मजीव वाढविता येतात. पाणी प्रथम गढूळ होऊन दुर्गंधी सुटते व काही दिवसांनी ते निवळू लागते. तेव्हा ते थोडे थोडे पिल्लांस द्यावे. ही तयारी जोडी टाकीत सोडण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

गोल्डफिशचे आकर्षण सर्वांत अधिक. हा मासा काटक आहे व थंडी सोसतो, हे त्याचे गुण खरे. तथापि त्यास पाणी पुष्कळ लागते, तो घाण फार करतो आणि सुमारे वर्षभराचा झाल्याखेरीज पैदाशीस योग्य होत नाही. त्याची पिल्ले प्रारंभी करडी-तपकिरी असतात व रंग चढण्यास काही महिने जातात. शिवाय एका पिढीतील पुष्कळ पिल्ले वाकडी शेपटी वा बेढब अंग ह्यांमुळे बाद करावी लागतात. आपल्या देशातीलच झेब्रा मासा त्या मानाने लहान जागेत भागतो. त्याची अंडी आईबापांच्या तोंडी पडू नयेत म्हणून तळाशी गोट्यांचा थर द्यावा. अंडी गोट्यांच्या फटींत पडून सुरक्षित राहतात. अंडी देणाऱ्या माशांचा अनुभव घेण्यास झेब्रा हा चांगला गुरू आहे.

पाण्याची परीक्षा

जात निवडण्यापूर्वी पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे घरचे पाणी. ह्याबाबत प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. देशावरील एका गावात, बेसॉल्टच्या खडकातील विहिरीच्या पाण्यात, मॉलीची पैदास उत्तम झाली. त्या यशाच्या भरवशावर पुढे कोकणातील जांभ्या दगडाच्या भागातील एका महिला बचत गटास मॉलीच घ्या, असा सल्ला दिला. दहा-बारा दिवसांत मासे पर मिटून एका जागी अंग थरथरवू लागले व बरेचसे दगावले. गटातील भगिनींनी टाक्यांची निगा उत्तम ठेवली होती, अन्नही वेळेवर दिले होते. दोष त्यांच्याकडे नव्हता, सल्ल्यात होता. जांभ्या जमिनीतील पाणी हलके व काहीसे आम्ल असते, आणि मॉलीस जड पाणी लागते, एवढी साधी बाब आधी पाहिली गेली नव्हती. गटाचे पैसे गेले, आणि पुन्हा उमेद धरावयास त्यांस पुष्कळ दिवस लागले.

पाणी जड की हलके हे ओळखण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. ज्या पाण्यात साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही व तापविण्याच्या भांड्यास आतून पांढरे पुट चढते ते पाणी जड होय. देशावरील बहुतेक विहिरी व कूपनलिका ह्यांचे पाणी असेच असते, व पिल्ले देणाऱ्या चारही जातींस ते मानवते. ज्या पाण्यात साबण सहज फेसाळतो ते हलके. तेथे गुरामी, फायटर, एंजल व बार्ब ह्यांस अधिक अनुकूलता असते. हलक्या पाण्याच्या गावी पहिल्या वर्गातील जातच हवी असल्यास टाकीत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे खडे टाकून पाणी थोडे जड करता येते, आणि अशा वेळी मॉलीऐवजी गप्पी वा प्लॅटी घ्यावी. शक्य असल्यास पाण्याचा नमुना एकदा तपासून घेणे केव्हाही उत्तम.

नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन माशांस घातक ठरते. असे पाणी उघड्या भांड्यात निदान एक दिवस ठेवून मगच वापरावे. शेतातील विहिरीचे पाणी घेताना जवळपास कीटकनाशकाची फवारणी झालेली नाही ह्याची खात्री करावी. पंप धुतलेले थोडेसे पाणीही टाकीभर मासे मारण्यास पुरे होते.

हवामान

वर सांगितलेल्या उष्ण कटिबंधातील जातींस २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी उत्तम. ते १८ अंशांच्या खाली गेल्यास मासे सुस्त होतात, अन्न सोडतात व रोगास बळी पडतात. नाशिक, अहिल्यानगर, पुणे ह्या जिल्ह्यांत हिवाळ्याच्या रात्री पारा ह्याहून पुष्कळ खाली उतरतो, म्हणून तेथे टाक्या भिंतीच्या आडोशास घेऊन रात्री झाकाव्यात. विदर्भात प्रश्न उन्हाळ्याचा. उथळ टाकीतील पाणी दुपारी तापून त्यातील प्राणवायू कमी होतो. तेथे टाकी अर्धी जमिनीत घ्यावी व वर चटई किंवा हिरव्या जाळीची सावली करावी. ज्यास ही व्यवस्था जमणार नाही त्याने पैदाशीचा काळ आपल्या हवामानास अनुसरून ठरवावा व वर्षभर उत्पन्नाची अपेक्षा धरू नये.

जागा, टाक्या व वेळ

एका जातीच्या पैदाशीस निदान चार भांडी लागतात : पैदाशीच्या जोड्यांसाठी एक, पिल्लांसाठी एक, वाढणाऱ्या नरांसाठी एक व माद्यांसाठी एक. जवळ चारच टाक्या असतील तर एकच जात करावी. दोन जाती केल्यास दोन्ही बिघडतात. ५ फूट लांब, ३ फूट रुंद व २ फूट खोल अशी सिमेंटची टाकी दीड फूट भरल्यास सुमारे ६४० लिटर पाणी मावते. घरगुती कामास हे माप सोयीचे आहे. नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो, म्हणून अशा टाकीत पाणी व केळीच्या खुंटाचे तुकडे घालून ती दोन-तीन आठवडे मुरू द्यावी व पाणी अनेकदा बदलावे. मगच मासे सोडावेत.

रोज सकाळ-संध्याकाळ अन्न देणे, तळाची घाण नळीने ओढून काढणे व आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे ही कामे चुकविता येत नाहीत. तांदळाचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग दळून केलेले खाद्य मोठ्या माशांस चालते. पिल्लांस उकडलेल्या अंड्यातील बलक फडक्यातून गाळून चिमूटभर द्यावा. डासांच्या अळ्या हे उत्तम जिवंत खाद्य, परंतु गटारातील अळ्या न धुता देऊ नयेत. सुगीच्या दिवसांत ज्या घरात ही कामे करावयास कोणी उरत नाही, त्यांनी सुगी संपल्यावर आरंभ करावा.

बाजाराचा हिशेब

मासा आणण्यापूर्वी तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-तीन दुकानदारांस भेटून कोणती जात, कोणत्या आकाराची, किती व कोणत्या महिन्यांत लागते हे विचारून घ्यावे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात एकदा फेरी मारली तर भावांचा अंदाज येतो. मात्र एका नगाचा भाव पाहून भुलू नये. टाकी किती महिने अडकून पडते, हेही पाहावे.

उदाहरणार्थ, समजा एका टाकीत ३०० गप्पी अडीच महिन्यांत विक्रीस तयार झाले व नगास ५ रुपये मिळाले, तर एकूण १,५०० रुपये, म्हणजे टाकीस दरमहा ६०० रुपये पडले. त्याच टाकीत १०० गोल्डफिश पाच महिन्यांत तयार झाले व नगास १५ रुपये मिळाले, तरी एकूण १,५०० रुपयेच, आणि टाकीस दरमहा ३०० रुपये पडले. तिप्पट भावाच्या माशाने निम्मे उत्पन्न दिले. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव, प्रत्यक्ष जगलेली संख्या व खाद्याचा खर्च घालून स्वतःचा हिशेब मांडावा. जन्मलेली सर्व पिल्ले जगतील असे कधीही धरू नये.

मूळ जोड्या निवडताना

पर उभारून चपळपणे पोहणारे, सरळ कण्याचे व अंगावर पांढरे ठिपके वा जखमा नसलेले मासे घ्यावेत. ज्या पेटीत एकही मेलेला मासा दिसेल त्या पेटीतील मासे घेऊ नयेत. सुई टोचून किंवा अन्य कृत्रिम उपायांनी रंगविलेले मासे पैदाशीस निरुपयोगी असतात, कारण तो रंग पिल्लांत उतरत नाही. आणलेले मासे दोन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवून निरोगी ठरल्यावरच टाकीत सोडावेत. एकाच वेतातील भावंडांपासून पिढ्यान्‌पिढ्या पैदास करीत राहिल्यास वंश खुजा होतो. शेळीचा बोकड आपण जसा बदलतो, तसा येथेही अधूनमधून दुसऱ्या ठिकाणचा नर आणावा.

नदीनाल्यात सोडू नये

ह्या माशांपैकी बहुतेक परदेशी आहेत. नको असलेले, उरलेले किंवा आजारी मासे ओढ्यात, नदीत वा तळ्यात सोडणे हा मोठा अपराध समजावा. काचपेटी साफ करण्यासाठी आणलेला सकर मासा असाच बाहेर सुटला, आणि देशातील अनेक जलाशयांत वाढून मच्छीमारांच्या जाळ्यांचे व स्थानिक माशांचे नुकसान करीत आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे कित्येक लहान मासे आहेत की जे जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. त्यांच्या जागी बाहेरचा मासा घुसला की त्यास परत काढता येत नाही. गप्पी कोठे सोडावयाचा हे आरोग्य खात्याने ठरवावयाचे आहे. आपण आपल्या टाकीतील मासे परस्पर सोडू नयेत. सांडपाण्याच्या तोंडास बारीक जाळी लावावी व ते पाणी झाडांस द्यावे, ते झाडांस मानवते. त्याचप्रमाणे ओढ्यातील देशी सुंदर मासे पकडून विकण्याच्या मोहातही पडू नये.

ग्रामसेवकांनी पाहावयाचा क्रम

कोणासही जात सुचविण्यापूर्वी पुढील प्रश्न ह्याच क्रमाने विचारावेत. पाणी जड की हलके? हिवाळ्यात व उन्हाळ्यात टाकीचे पाणी किती अंशांपर्यंत जाते? भांडी किती व रोज देखरेख करणारे कोण? विकत घेणारा दुकानदार कोण व त्याने काय मागितले आहे? ह्या चारांची उत्तरे मिळाल्यावर जातीचे नाव बहुधा आपोआप पुढे येते. सुंदर मासा कोणता, हा प्रश्न शेवटचा.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मत्स्यसंवर्धनासाठी ३ लाख रुपयांचा घटकखर्च धरून सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमाती ह्यांस ६० टक्के साहाय्य ठरविण्यात आले होते. योजनांच्या तरतुदी व मुदती बदलत असतात, म्हणून चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातच करावी. परंतु साहाय्य मिळते म्हणून आरंभीच मोठे बांधकाम करणे इष्ट नव्हे. उरलेला खर्च कुटुंबाच्याच खिशातून जावयाचा असतो. प्रथम चार टबांत एक जात, पाच-सहा जोड्या व एक हंगाम एवढाच अनुभव घ्यावा. पिल्ले जगविता आली व ती विकता आली, म्हणजे मग टाक्या वाढवाव्यात. पुढील शास्त्रीय माहितीसाठी मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था व रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालय ह्या संस्था राज्यातच आहेत.

लहान प्रमाणावर केलेली चूक लहानच राहते व ती शिकविते. मोठ्या प्रमाणावर केलेली तीच चूक घर बुडविते. म्हणून शेतकरी बंधूंनी व भगिनींनी पहिली जात निवडताना घाई करू नये. आपल्या विहिरीस, आपल्या अंगणास व आपल्या सवडीस जी जात मानवेल तिचीच निवड करावी, म्हणजे हा छोटासा जोडधंदा त्यांस निश्चित साथ देईल.